एक बोट सैल

नवी चप्पल चावते, हे कोल्हापुरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. अंगठ्याजवळ फोड येतो, टाच सोलवटते, चार दिवस आपण लंगडतो, पट्ट्यांना तेल चोळतो आणि महिन्या-दीड महिन्यात ती चप्पल मुकाट आपल्या पायाची होऊन जाते. त्यामुळे गेल्या वर्षी मला घड्याळ चावलं तेव्हा मी त्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. चार दिवसांत सवयीचं होईल म्हटलं. तीन आठवडे झाले तरी होईना. उलट मनगटावर एक लाल चट्टा उठला, चौकोनी, कोपऱ्यांना गोलसर. घड्याळाच्या पाठीचा छापच. दिवसा विसरायला व्हायचं, रात्री मात्र खाजवून जीव नकोसा व्हायचा.

घड्याळ मुलीने दिलेलं. निवृत्तीनंतर रक्तदाब निघाला, गोळी चालू झाली आणि डॉक्टरांनी रोज पाऊण तास झपझप चालायला सांगितलं. “झपझप म्हणजे किती?” मी विचारलं. 34 वर्षं उद्यमनगरातल्या एका मशीन शॉपमध्ये, त्यातली बहुतेक तपासणी विभागात काढलेल्या माणसाला झपझप हे माप पुरत नाही. डॉक्टर म्हणाले, “चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येता कामा नये.” मी एरवीही गाणं म्हणत नाही. हे मुलीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, “बाबा, त्यापेक्षा ठोके मोजा की सरळ,” आणि आठवड्याने पुण्याहून खोकं आलं. आत काळ्या काचेचं घड्याळ आणि त्याला काळा रबरी पट्टा. घड्याळ कुठलं घ्यायचं यावर तिने म्हणे चार रात्री वाचन केलं होतं. पट्ट्याबद्दल तिने किंवा मी एक ओळही वाचलेली नव्हती. पट्टा काय, असतोच.

त्वचेच्या डॉक्टरांनी चट्टा पाहिला, घड्याळ उलटं करून पाहिलं आणि मला विचारलं, “आंघोळ घड्याळासकट करता?”

“पाणी जात नाही त्यात.”

“त्याला काही होत नाही हो, तुम्हाला होतंय.”

घाम आणि साबण पट्ट्याखाली अडकतात. रबर ते शोषत नाही आणि बाहेरही जाऊ देत नाही. कातडी तिथे दिवसभर ओली राहते, वर घासली जाते. त्यांनी मलम दिलं, आठवडाभर हात मोकळा ठेवायला सांगितलं आणि पुढे रोज पट्टा धुऊन, हात कोरडा करून मगच बांधा म्हणाले. निकेलची अॅलर्जी असती तर गोष्ट वेगळी, तीही शक्यता त्यांनी विचारून घेतली. बायको शेजारी होती, तिला हे लगेच कळलं. खोटं कानातलं घातलं की तिचा कान चिघळतो, तो हाच निकेलचा प्रताप. माझं प्रकरण तेवढं खानदानी नव्हतं. निव्वळ अस्वच्छता.

पण मला वाटतं, दोष काही अंशी माझ्या मनगटाचाही होता. त्याला सवयच नव्हती. मशीन शॉपमध्ये पहिल्या दिवशी शिकवतात ते हे, की हातात अंगठी नको, घड्याळ नको, गंडा-दोरा नको. फिरत्या चकमध्ये काही अडकलं तर लेथ थांबून विचारत नाही. आमच्याकडे हजेरीच्या कार्डाशेजारी भिंतीला खिळ्यांची रांग होती, आत जाताना ज्याने त्याने आपलं घड्याळ खिळ्याला अडकवायचं. मी पुढे तपासणीत गेलो, माझा लेथशी थेट संबंध राहिला नाही, तरी ती सवय गेली नाही. शिफ्टचा भोंगा होता, भिंतीवर घड्याळ होतं. साठीला आलेल्या माझ्या मनगटावर आयुष्यात पहिल्यांदाच दिवसरात्र काहीतरी बांधलेलं होतं.

घरात घड्याळ होतं ते अण्णांचं. एचएमटी जनता, किल्लीचं. अण्णा प्राथमिक शाळेत गुरुजी. सकाळच्या बातम्या लागल्या की रेडिओशेजारी उभं राहून ते घड्याळाला किल्ली देत आणि बातम्या संपेपर्यंत हातात बांधत नसत. पुढे कामाला लागलो तेव्हा शॉपमधल्या दोन जुन्या लेथवर तीच तीन अक्षरं दिसली आणि मला उगीचच घरचं माणूस भेटल्यासारखं झालं. हिंदुस्थान मशीन टूल्स. 1953 साली निघालेला हा सरकारी कारखाना मूळचा यंत्रं बनवणारा. घड्याळं त्याने 1961 मध्ये, जपानच्या सिटिझनचं सहकार्य घेऊन, बंगळुरात सुरू केली. ती घड्याळांची कंपनी बंद करायचं 2016 मध्ये ठरलं. लेथ अजून कुठे कुठे चालतात, अण्णांचं जनताही चालतं.

1981 च्या मार्चमध्ये माझी दहावीची परीक्षा होती. पेपरला घड्याळ हवं म्हणून अण्णांनी आपलं काढून दिलं. त्याला तपकिरी कातडी पट्टा, पाच भोकं, अण्णांचं तिसरं. माझा हात म्हणजे काडी. पाचव्या भोकात बांधलं तरी घड्याळ कोपरापर्यंत घरंगळायचं. मग कोपऱ्यावरच्या चप्पलवाल्या मामांनी आरीने सहावं भोक पाडून दिलं, रांगेतून जरा सरकलेलं. मी सात पेपर त्या वाकड्या भोकात बांधून लिहिले. पेपर लिहिताना घड्याळ खाली सरकून मनगटाच्या हाडावर आपटायचं आणि प्रत्येक वेळी वाटायचं, वेळ संपली.

असो. चट्टा बरा झाला आणि मी पट्ट्यांच्या मागे लागलो.

पहिली गोष्ट कळली ती अशी, की या घड्याळाला पट्टा घट्ट हवा असतो आणि कातडीला सैल. घड्याळाच्या पोटाला हिरवे दिवे आहेत. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. ठोका पडला की कातडीखालच्या बारीक वाहिन्यांत रक्त वाढतं आणि प्रकाश कमी परततो, ठोका ओसरला की जास्त. हा चढउतार शेजारचा एक डोळा टिपतो आणि त्यातून ठोके मोजतो. युक्ती जुनी आहे, 1930 च्या दशकापासूनची. पण पट्टा सैल असला की घड्याळ प्रत्येक पावलाला हिंदकळतं, फटीतून उजेड आत शिरतो आणि त्या डोळ्याला रक्त कुठलं आणि हिंदकळणं कुठलं ते कळेनासं होतं. रंकाळ्याच्या काठाने शालिनी पॅलेसच्या बाजूला चालताना एकदा त्याने मला 118 ठोके दाखवले. मला शंका आली म्हणून पावलं मोजली. मिनिटाला 118! जागीच थांबलो, मानेवर दोन बोटं ठेवून पंधरा सेकंद मोजले, 24 भरले, म्हणजे 96. घड्याळ माझं काळीज सोडून माझ्या चपला मोजत होतं. (बूट घालून चाला, असं मुलगी सांगते. सांगू दे.)

रात्री आणखी एक गंमत. झोपताना पट्टा सैल केला तर घड्याळाखालून हिरवा उजेड चादरीवर सांडायचा. बायको म्हणाली, “तुमच्या मनगटात काजवा बसलाय.”

शॉपमध्ये आम्ही ‘फिट’ हा शब्द फार जपून वापरायचो. शाफ्ट भोकात मोकळा फिरायला हवा असेल तर क्लिअरन्स फिट, दाबून किंवा ठोकून बसवायचा असेल तर इंटरफिअरन्स आणि या दोहोंच्या मधलं ते ट्रान्झिशन. ड्रॉइंगवर एच-सात जी-सहा एवढं लिहिलं की बोलणं संपलं. किती मायक्रॉन फट, कमीत कमी किती, जास्तीत जास्त किती, सगळं त्यात आलं. मी आयुष्यभर लोकांची कामं त्या आकड्यांवर परत पाठवली. ‘साहेब, हाताला तर बरोबर लागतंय की’ असं म्हणणाऱ्या कितीतरी टर्नरना मी गेज दाखवला आहे.

त्याच हाताने मनगटाचं माप घ्यायला बसलो. कागदाची पट्टी गुंडाळायची, खूण करायची, व्हर्निअरने मोजायचं. सकाळी उठल्यावर 172 मिलिमीटर. चालून आल्यावर 176. थंडीत एका सकाळी 170. रविवारी तांबडा-पांढरा झाला की संध्याकाळी 177 पर्यंत, कारण मीठ पाणी धरून ठेवतं आणि बोटातली अंगठीही निघत नाही. आम्ही शॉपमध्ये माप खरं धरायचो ते 20 अंश सेल्सिअसला. लोखंड तापलं की वाढतं म्हणून जगभर तोच संकेत आहे. मनगटाचं खरं माप कोणत्या वेळचं धरायचं? आठ दिवस वहीत आकडे लिहिले आणि मग सोडून दिलं. पाच-सात मिलिमीटर वरखाली होणारा शाफ्ट मी कुठल्याही दिवशी भंगारात टाकला असता.

बायकोने माझी वही पाहिली. काही बोलली नाही. माझा हात पुढे ओढला, पट्ट्याखाली आपली तर्जनी सरकवली आणि म्हणाली, “बोट जात नाही. सैल करा.” मुलीच्या लहानपणी झबल्याचा नाडा, परकराचं इलॅस्टिक, करदोटा, सगळं तिने असंच पाहिलं होतं. एक बोट गेलं पाहिजे, दोन गेली नाही पाहिजेत. दोन गेली तर घसरेल, एकही नाही तर वळ उठेल. नंतर घड्याळासोबतची पुस्तिका काढून वाचली तर तीतही घोळून-घोळून तेच लिहिलं होतं. व्यायामाच्या वेळी मनगटाच्या हाडापासून बोटभर वर सरकवा आणि हलणार नाही इतपत आवळा, एरवी सैल सोडा. म्हणजे एकच माप नाही, रोजची दोन आहेत. आणि पाच-दहा भोकांच्या पट्ट्यात ही दोन्ही नेमकी सापडतीलच असं नाही. एक भोक आवळतं, त्याच्या शेजारचं डुलतं.

मग वेगवेगळे पट्टे मागवले. पहिल्याच खेपेला माझी फजिती झाली. घड्याळाच्या दोन शिंगांमधलं अंतर बहुधा 18, 20 किंवा 22 मिलिमीटर असतं आणि पट्टा त्याच रुंदीचा लागतो. मी डोळ्याने पाहिलं आणि 20 ठरवलं. निघालं 22. पट्टा पिनेवर डावी-उजवीकडे खुळखुळू लागला. व्हर्निअर कपाटात होतं, चार फुटांवर. ही गोष्ट मी जुन्या सहकाऱ्यांना अजून सांगितलेली नाही.

कातड्याचा पट्टा दिसायला देखणा, लग्नाकार्यात शोभणारा. आणि कोल्हापूरकराला कातड्याचं वेगळं सांगायला नको, ते आपलं माप स्वतःच शिकतं, अंगाला वळण घेतं. पण घाम त्याला सोसत नाही. मिठाचे पांढरे पट्टे उमटतात, कुबट वास येतो आणि जुलैच्या झडीत दोन दिवस तसाच राहिला की बुरा धरतो. धातूची चेन मी दोन तास घातली. हाताचे केस ओढले जातात, आणि एक कडी काढली तर आवळते, ठेवली तर झुलते. बारीक विणीची, लोहचुंबकाने चिकटणारी जाळीची चेन त्यापेक्षा शहाणी, हवं तिथे थांबते. पण जुन्या शॉपमध्ये मित्राला भेटायला गेलो आणि घरी आलो तर चुंबकाला लोखंडाचा कीस मिशांसारखा चिकटलेला. काढता काढता अर्धा तास गेला.

लष्करी पद्धतीचा एकसलग नायलॉन पट्टा मला मनापासून आवडला होता. ब्रिटिश संरक्षण खात्याने 1973 साली त्याचं मानक ठरवलं. एकच पट्टी दोन्ही पिनांमागून, घड्याळाच्या पाठीखालून जाते. एक पिन तुटली तरी घड्याळ दुसऱ्या पिनेवर लटकून राहतं. असलं रोखठोक काम पाहिलं की माझ्यासारख्याला बरं वाटतं. पण बांधल्यावर लक्षात आलं, की पट्टी नेमकी हिरव्या दिव्यांवरूनच जाते. डोळ्यावर फडकं बांधून ठोके मोज म्हटल्यासारखं. ज्या घड्याळाला नुसती वेळच सांगायची आहे त्याच्यासाठी तो पट्टा उत्तम.

रबराच्या बाबतीत मात्र मला माझं गाव भेटलं. मुलीने पाठवलेल्या दुसऱ्या पट्ट्याच्या पाकिटावर लिहिलं होतं फ्लोरोइलास्टोमर. हात लावला आणि हसू आलं. हे तर आमचं वायटन! ड्यू पॉन्टने 1957 मध्ये बाजारात आणलेलं रबर. आमच्या स्टोअरमध्ये त्याच्या ओ-रिंगा वेगळ्या डब्यात, कुलपात असायच्या. साध्या तेलाला नायट्राइल चालतं, पण जिथे उष्णता आणि इंधन दोन्ही आहे तिथे वायटनच लागतं. फुगत नाही, तडकत नाही. महाग म्हणून एकेक रिंग सही घेऊन द्यायचो. तीच वस्तू आता माझ्या हाताला, इंजिनाच्या तेलाऐवजी माझा घाम अडवायला. सिलिकॉनचा पट्टा मऊ खरा, पण त्याला धूळ आणि कपड्याचे धागे चिकटतात आणि काही महिन्यांत तो बुळबुळीत वाटायला लागतो. हा भरीव, वजनदार, हाताला रेशमी लागणारा. पावसात चालायला आणि पोहायला याला तोड नाही. घरी येऊन नळाखाली धरला, पुसला, झालं. फक्त एक, की तो कातडीला श्वास घेऊ देत नाही. ओ-रिंगचं कामच मुळी काही आरपार जाऊ न देणं. तिच्याकडून मी हवेशीरपणाची अपेक्षा करणं बरोबर नाही.

शेवटी दिवसभरासाठी हाताला बसला तो विणलेल्या नायलॉनचा, चिकटपट्टीचा. वेलक्रो म्हणतात तो. जॉर्ज दे मेस्त्राल नावाच्या स्विस अभियंत्याला 1940 च्या दशकात शिकारीहून परतताना आपल्या कपड्यांना आणि कुत्र्याच्या केसांना चिकटलेली काटेरी बोंडं दिसली. त्याने ती सूक्ष्मदर्शकाखाली धरली तर प्रत्येक काट्याला बारीक आकडा. आघाड्यातून चालत गेल्यावर आपल्याही धोतराला, पायजम्याला असंच काही चिकटतं. आपण ते ओट्यावर बसून शिव्या देत वेचतो. त्याने दहा-पंधरा वर्षं खपून त्याचं पेटंट काढलं. या पट्ट्याला भोकं नाहीत, म्हणून त्यात चुकीचं भोकही नाही. रंकाळ्यावर पोहोचलो की खर्रकन ओढून वर सरकवून आवळायचा, चालणं संपलं की बाकावर बसून खर्रकन सोडायचा. आता लक्ष गेल्यापासून मला कळलंय, सकाळी सातच्या सुमारास त्या बाकांवर हा आवाज किती जणांच्या हातांतून येतो. एक आजी तर रोज घड्याळ काढून मनगटावर फुंकर घालतात.

या पट्ट्याची खोड म्हणजे ओला झाला की ओलाच राहतो. म्हणून पावसाळाभर वायटन, एरवी नायलॉन, आणि नायलॉन आठवड्यातून दोनदा साबणाच्या पाण्यातून काढून मोज्यांशेजारी दोरीवर. बायको म्हणते, लंगोटाएवढा तुमचा पट्टा आणि त्याला दोन चिमटे. शिवाय संध्याकाळी सात ते झोपेपर्यंत हात उघडा ठेवतो. मुलीला ते पटत नाही, आकड्यांत खंड पडतो म्हणते. पडू दे. चट्टा पुन्हा आला नाही, त्या जागी फक्त गोरी चौकट उरली आहे, बाकीचा हात उन्हाने रापलेला.

त्या उघड्या हातावर मी अधूनमधून अण्णांचं जनता बांधतो. गेल्या महिन्यात त्याचा पट्टा बक्कलपाशी तुटला, म्हणून महाद्वार रोडजवळच्या घड्याळवाल्याकडे गेलो. त्याच्या वडिलांपासून अण्णा तिथेच जात. त्याने जुना पट्टा काढून काचेवर ठेवला, नवा शेजारी ठेवला आणि भिंग डोळ्याला तसंच ठेवून विचारलं, “सहावं पाडायचंच न्हवं?”

मला आधी कळलं नाही. मग त्याने सांगितलं, “गुरुजींचा पट्टा बदलला की दर वेळी एक भोक जादा. वडलांनी वहीत लिहूनच ठेवलेलं.”

कातडी पट्टा काही जन्मभर पुरत नाही. दोन-तीन वर्षांनी बदलावा लागतो. 1981 चा पट्टा कधीच गेला. माझी बारावी झाली, मग धाकट्याची दहावी, त्याची बारावी, आणि तोवर ‘पोरांना लागतं’ म्हणून अण्णा प्रत्येक नव्या पट्ट्याला सहावं भोक पाडून घेत राहिले. पोरं मोठी झाली, धाकट्याने स्वतःचं घड्याळ घेतलं, माझं खिळ्याला अडकलं, तरी ते सांगणं थांबलं नाही. मला हे ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं ते शेवटच्या दोन वर्षांतलं. अण्णा वाळत गेले, पण घड्याळाला किल्ली देणं आणि बातम्या संपल्यावर ते हातात बांधणं चालू होतं. तिसऱ्यातून चौथ्यात, मग पाचव्यात. एका सकाळी बक्कल लावताना त्यांची बोटं थरथरत होती म्हणून मी लावून दिलं. तेव्हा पट्ट्यात सहावं भोक तयारच होतं. मी ते वापरलं आणि त्याचं मला काहीच वाटलं नाही.

“पाडू का नको?” घड्याळवाल्याने परत विचारलं.

“पाडा,” म्हणालो.

त्याने पट्टा लाकडी ठोकळ्यावर धरला, अंतर पाहिलं, जुन्या पट्ट्याशी एकदा जुळवलं आणि टोच्यावर हातोडीचा एकच ठोका मारला. मोहरीएवढी तपकिरी चकती वर्तमानपत्रावर उडाली. त्याने फुंकर मारून ती बाजूला केली आणि घड्याळ माझ्या हातात दिलं. मी तिसऱ्या भोकात बांधलं. बोट सरकवून पाहिलं. जात होतं.